चालवलेला जोड

१

आमच्या दुकानातला जोड चावत नाही. गिऱ्हाइकं एकमेकांना हेच सांगतात आणि आमचं दुकान त्याच्यावरच उभं आहे. बाकी मापाचे बूट शिवणारे या बाजारात कमी नाहीत, आणि आमच्या ह्यांच्यापेक्षा हात चांगला असलेलेही असतील. पण नवा बूट पहिल्या दिवशी पायात घालून माणूस तोंड वाकडं न करता घरी गेला, असं फक्त आमच्याकडे होतं.

त्यामागे जादू काही नाही. आमच्याकडे प्रत्येक नवा जोड गिऱ्हाइकाला देण्याआधी चालवतात. सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. कातडं लाकडी साच्यावरून उतरलं की ते साच्यासारखंच ताठ असतं, त्याला पाय म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ते शिकवावं लागतं, असं सासरे म्हणत. आधी ते स्वतः चालवायचे. मग ते काम माझ्या धाकट्या दिराकडे आलं.

दिराला सगळे भिंगरी म्हणतात. मी लग्न करून या घरात आले तेव्हा तो शाळेच्या पहिल्या इयत्तांमध्ये होता आणि आई नसलेला होता. तेव्हापासून तो एका जागी बसलेला मी पाहिला नाही. जेवतानासुद्धा ताट घेऊन उठायचा. मोठा झाला तसं ह्यांनी ठरवलं, याला आरीसमोर बसवण्यात अर्थ नाही, याला चालायलाच लावू. त्याचे पाय अगदी मधल्या मापाचे. बूट मोठा असेल तर दोन-दोन मोजे घालायचा, लहान असेल तर कुरकुरायचा. वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीची एक लांबलचक खोली आहे. तिच्या एका टोकाला जिना उतरतो, दुसऱ्या टोकाला बुटांचा आरसा आहे. गुडघ्याएवढाच उंच, भिंतीला तिरका टेकवलेला. त्यात माणूस गुडघ्यापर्यंत दिसतो, वरचा नाही. भिंगरी म्हणायचा, "या आरशात भांडकुदळ कोण आणि गरीब गाय कोण, काही कळत नाही. सगळे नुसते पाय."

मी खाली, त्या खोलीच्या बरोबर खाली, खिडकीशी बसते. शेवटचा हात माझा असतो. धागे कापायचे, कडा मेणाने बसवायच्या, पॉलिश करायचं, आणि चालवून आलेल्या जोडात हात घालून आतून चाचपायचं. चवड्यापाशी कातड्याला दोन-तीन बारीक वळ्या पडल्या असल्या की जोड तयार.

डोक्यावर दिवसभर त्याची चाल. ठक, घस. ठक, घस. लहानपणी सायकलवरून पडला तेव्हापासून डाव्या पायाचं बोट जमिनीला किंचित घासतं. आरशापाशी गेला की थांबायचा, वळायचा, पुन्हा ठक, घस. मला त्या आवाजाची इतकी सवय की तो चालू असताना ऐकूच येत नसे. थांबला की मात्र मी मान वर करायची.

२

त्या वर्षी तो वाळायला लागला. जेवण मात्र दुप्पट. माझ्या हातून पातेली रिकामी व्हायची आणि त्याच्या पट्ट्याला ह्यांनी आरीने नवं भोक पाडून दिलं, मग आणखी एक. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम. हात कापायचे. एकदा चहाचा कप बशीवर वाजला तेव्हा ह्यांनी विचारलं, "प्रेमात पडलास की काय?" तो हसला, आणि दुसऱ्या क्षणाला त्याच प्रश्नावरून इतका चिडला की उठून निघून गेला. हे त्याच्या स्वभावात नव्हतं. डोळेही जरा मोठे वाटायला लागले होते, कुणीतरी दचकवल्यासारखे.

आम्हाला वाटलं, काम फार होतंय. थंडीच्या बुटांचे दिवस होते, वरची खोली जोडांनी भरलेली होती.

मग एके सकाळी तो उठला नाही. मी चहा घेऊन गेले तर उताणा पडलेला, डोळे उघडे.

"वहिनी, हसू नकोस," तो म्हणाला. "माझे पाय कुणीतरी नेलेत."

मी पांघरूण काढलं. पाय जागच्या जागी होते. मी तळव्याला बोट लावलं तर त्याला कळत होतं, गुदगुल्याही होत होत्या. पण उचल म्हटलं की काही नाही. मांडी नुसती पडलेली, भिजवलेल्या कातड्यासारखी. बोटं तेवढी जराशी हलली. आम्ही दोघंही आधी खरंच हसलो, आणि मग मी पांघरूण परत घातलं.

दुपारपर्यंत पाय परत आले. आधी अंगठे, मग घोटे, मग तो भिंतीला धरून उभा राहिला, आणि संध्याकाळी मागितलं ते सगळं खाल्लं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला. टॉनिक लिहून दिलं, ग्लुकोजचं पाणी पाजा म्हणाले, विश्रांती द्या म्हणाले. आम्ही सगळं मनापासून केलं.

त्या दिवशी कामाला बसायला मला उशीर झाला. टोपलीत तपकिरी बुटांचा एक जोड होता, बँकेतल्या एका साहेबांचा. हे म्हणाले, तो चालवायचा राहिलाय, बाजूला ठेव. मी हातात घेतला. चवड्यापाशी वळ्या होत्या. छान, सारख्या, तीन.

काल चालवला असेल, मी म्हटलं. विषय तिथेच संपला.

३

दुसऱ्यांदा झालं ते भर दुपारी. सकाळभर तो चालला होता. मग भरपेट जेवला, मीच आग्रह करून गोड वाढलं, आणि तो आडवा झाला. उठायची वेळ झाली तेव्हा त्याने मला हाक मारली, शांतपणे, पाणी मागावं तशी.

मी त्याच्या पायथ्याशी बसून तेल चोळायला लागले. चोळताना कळत होतं की हा पाय जिवंत आहे, ऊन आहे, पण आत कुणी नाही. घर उघडं असावं, दिवा लागलेला असावा, आणि आपण हाका माराव्यात, तसं. हे दारात येऊन उभे राहिले.

वर चालण्याचा आवाज सुरू झाला.

ठक, घस. ठक, घस.

सवयीमुळे तो मला लगेच ऐकूच आला नाही, हेच मला नंतर जास्त लागलं. माझे हात चोळत राहिले. मग मी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि ह्यांनी छताकडे. भिंगरी डोळे मिटून पडला होता. आवाज आरशापर्यंत गेला, थांबला, वळला आणि परत आला.

"शेजारी सुतारकाम काढलंय," हे म्हणाले.

शेजारी सुतारकाम नव्हतं. पण मी मान हलवली. मी स्वतःला आणखीही बरंच सांगितलं. लाकूड उन्हाने तडकतं. जुन्या घराच्या भिंतींतून आवाज कुठून कुठे जातात. आणि वर्षानुवर्षं जे ऐकलं ते कान आपणहूनच ऐकू लागतात, जसं घड्याळ बंद पडल्यावरही टोल ऐकू आल्यासारखं वाटतं. ही सगळी कारणं चांगली होती. एकाच वेळी इतकी चांगली कारणं लागावीत, एवढंच मला बरं वाटलं नाही.

आवाज बंद झाल्यावर मी वर गेले. पडदे ओढलेले, खोली थंड. आरशासमोर काळ्या बुटांचा एक जोड होता, नाड्या बांधलेल्या. मी नेहमीप्रमाणे आत हात घातला.

बूट आतून ऊन होता. पाय नुकताच काढल्यासारखा ऊन, आणि जरासा दमट.

मी तो खाली आणला आणि ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी हात घातला, तसाच काढला, पाटलोणीला पुसला.

"ऊन लागलं असेल," म्हणाले.

"पडदे ओढलेत, अहो."

"मग कुणीतरी ओढायच्या आधी लागलं असेल." आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. पॉलिश करून टाक."

मी पॉलिश केलं.

४

माणसाला कशाचीही सवय होते, हे मी ऐकून होते. पण ती इतकी लवकर होते हे माहीत नव्हतं.

भिंगरीचे पाय जायचे आणि यायचे. कधी सकाळी, कधी दुपारच्या झोपेनंतर. आणि पाय गेले की वर चाल सुरू व्हायची. ह्यांनी त्याबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही. फक्त मी एकदा पाहिलं, भिंगरी निजलेला असताना हे साच्यावरून उतरवलेले जोड घेऊन वर गेले, आरशासमोर ओळीने मांडले, आणि भरभर खाली आले. माझी नजर चुकवून. मीही चुकवली. कामं वेळेवर होत होती. गिऱ्हाइकं खूश होती. एक निवृत्त बँडमास्तर मुद्दाम सांगायला आले की असा मऊ जोड आमच्याकडूनही त्यांना कधी मिळाला नव्हता.

त्याच संध्याकाळी भिंगरी उशीला टेकून पडलेला असताना मी त्याला जेवण भरवत होते. आताशा हातही जड पडायचे, घास तोंडापर्यंत जाईना. वर चाललं होतं. त्याने घास गिळला आणि सहज बोलला.

"डावा टाचेला सैल झालाय, वहिनी. दादाला सांग."

"कुठला डावा?"

"आत्ताचा. लाल कातड्याचा." मग त्याच्या लक्षात आलं की तो काय बोलला, आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

मी ताट खाली ठेवलं. विचारलं, तुला काय वाटतं रे, पाय जातात तेव्हा? मग त्याने सांगितलं ते असं. आधी भीती वाटायची. आता पाय गेले की त्याला हलकं वाटतं. कुठेतरी आपण चालतोय हे कळतं, पायाखाली फळ्या कळतात, बूट कुठे घट्ट आहे ते कळतं. दमणूक मात्र कळत नाही. थांबावंसंच वाटत नाही.

"वाईट नाही गं ते," तो म्हणाला. "वाईट एवढंच की दर वेळी परत यायला जरा जास्त उशीर होतो. आणि परत यावंसं जरा कमी वाटतं. दादाला नको सांगूस."

तो झोपल्यावर मी वर गेले. लाल कातड्याचा जोड आरशासमोर होता. डाव्याची टाच दाबून पाहिली. सैल होती, अगदी थोडी. पायात घातल्याशिवाय कुणाला कळली नसती.

खाली येऊन मी ह्यांना सांगितलं की आता वर एकही जोड ठेवायचा नाही, आणि याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. ह्यांनी मान्य केलं, पण ही ऑर्डर गेली की नेऊ म्हणाले. माझा आवाज चढत नाही, तेव्हाही चढला नाही. मी एवढंच म्हटलं, "त्याला मी वाढवलंय. तो वर राहायला गेला तर मी कुणाला हाक मारू?"

ह्यांनी हातातली आरी खाली ठेवली. मग म्हणाले, उद्या नेऊ.

५

सकाळ व्हायच्या आधीच ती वेळ आली. उजाडत होतं. भिंगरीच्या खोलीतून आवाज आला तो हाकेसारखा नव्हताच, कुणी कुजबुजल्यासारखा होता. मी गेले. त्याचे पाय गेले होते, हात गेले होते, मान उशीवरून उचलत नव्हती. चेहरा तेवढा त्याचा होता. छाती अगदी थोडी वरखाली होत होती, आणि मी गळ्याशी बोटं ठेवली तर नाडी मध्येच एखादा ठोका सोडत होती, पायरी चुकल्यासारखी.

हे गाडी बोलवायला रस्त्यावर धावले. अनवाणी धावले, बूट शिवणारा माणूस.

वर कुणी चालत नव्हतं. वर कुणी पळत होतं. ठकघस, ठकघस, आरशापर्यंत, परत, आरशापर्यंत. छताची धूळ पांघरुणावर पडत होती. वर एकही जोड नव्हता, आदल्या संध्याकाळी मीच सगळे खाली आणले होते. म्हणजे काय पळत होतं, अनवाणी तर आवाज असा येत नाही, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तसाच सोडून दिला.

भिंगरीचे ओठ हलले. मी कान नेला.

"वर जा," तो म्हणाला. "तो थांबत नाहीये. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

त्याला सोडून जावं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्याची मान सरळ केली आणि गेले. जिन्याच्या दाराशी त्याचे स्वतःचे बूट असतात, बाजारातून आणलेले, तळ झिजलेले. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे जोड चालवले, त्याच्या मापाचा जोड आमच्या दुकानात कधी शिवला गेला नाही. ते बूट मी उचलले. का, ते विचारू नये. हाताला दुसरं काही सापडलं नाही.

मी दारात पोचले तेव्हा आवाज आरशाकडे चालला होता. खोली रिकामी होती. सकाळचा करडा उजेड, फळ्या, भिंत. मी आरशाकडे पाहिलं.

आरशात पाय होते.

गुडघ्यापर्यंत. भिंगरीची राखाडी पाटलोण, डाव्या गुडघ्यापाशी मीच रफू केलेली. ते आरशाजवळ आले, थांबले, वळले. खोलीत त्या जागी काहीच नव्हतं. वळल्यावर बुटांचे चवडे माझ्याकडे झाले. कुठले बूट होते ते मला दिसलं, आणि ते सगळे होते. तपकिरी, मग काळे, मग लाल. डोळा मिटून उघडावा तसे बदलत होते.

ते माझ्याकडे बघत होते, असं मी म्हणणार नाही. पायांना डोळे नसतात. पण दारात उभं राहिलेल्या माणसाला घरातल्यांनी पाहिलं की जसं कळतं, तसं मला कळलं.

मी वाकून त्याचे जुने बूट जमिनीवर ठेवले. चवडे जिन्याकडे केले. आणि मी त्याला लहानपणी मैदानावरून बोलवायची तसंच म्हटलं,

"पुरे आता. खाली ये."

मग मी पाठ फिरवली आणि उतरायला लागले. घाई केली नाही. माझ्या मागे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर लाकूड दबल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही. खाली हे गाडीवाल्याबरोबर आत शिरत होते.

६

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी त्याची मान पाहिली, डोळे पाहिले, हृदयाचा आलेख काढला, रक्त पाठवलं, आणि उत्तर यायच्या आधीच हातात सुई टोचून त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. बोलायला वेळ मिळाला तेव्हा आम्हाला बाकावर बसवून समजावलं.

गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते. ती जास्त काम करायला लागली की सगळं शरीर धावत सुटतं. माणूस खातो आणि वाळतो, घामेजतो, हात कापतात, चिडचिड होते. आणि थोड्या जणांमध्ये, बहुतेक तरण्या पुरुषांमध्ये, आणखी एक गोष्ट होते. रक्तातलं पोटॅशियम एकाएकी स्नायूंच्या आत शिरतं. रक्तात ते कमी पडलं की स्नायू हुकूम ऐकत नाहीत. खूप श्रम करून मग पडून राहिलं की होतं. भरपेट, गोड खाल्ल्यावर तर हटकून होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. टॉनिक, ग्लुकोज, विश्रांती, माझा आग्रह. डॉक्टरबाईंना कळलं असावं. त्या म्हणाल्या, कुणाच्याही लक्षात आलं नसतं, अशक्तपणाला कुणीही हेच करतं.

मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. सगळ्याला नाव होतं. जे घडलं त्यातला प्रत्येक तुकडा त्या नावात बसत होता. जे बसत नव्हतं ते मी सांगितलंच नाही.

"मग ते पोटॅशियम गेलं ते गेलंच का?" मी विचारलं.

"गेलेलं नाहीच. शरीरातच आहे, नुसती जागा सोडलीय. ते आपलं आपण परत येतं." त्या सुईच्या नळीकडे बघत होत्या. "म्हणून तर आम्ही वरून अगदी बेताने देतो. आपण देतो ते एक, आणि आत शिरलेलं परत येतं ते एक. कधीकधी गेलं त्यापेक्षा जास्त होऊन बसतं."

"जास्त असलं तर बरंच ना?"

"नाही. कमी पडलं तर हातपाय थांबतात. जास्त झालं तर हृदय थांबतं."

दुपारी भिंगरीने अंगठा हलवला. मग दुसरा. संध्याकाळी त्याने गुडघा उभा केला आणि चादरीचा तंबू झाला. ह्यांनी त्या तंबूवर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ काढला नाही.

७

आता सगळं ठीक आहे. गोळ्या चालू आहेत, गळ्याची ग्रंथी ताब्यात आहे, वजन भरलं. पट्ट्याची भोकं एकेक करून परत मागे आली. पुन्हा एकदाही पाय गेले नाहीत. रक्ताचा अहवाल चांगला येतो. तो आता ह्यांच्या शेजारी बसून माप घेतो, जेवताना बसून जेवतो. आम्ही जोड चालवायचं बंद केलं. ह्यांनी लाकडाचं एक यंत्र बनवून घेतलंय, ते कातडं वाकवतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

एकच गोष्ट आहे.

भिंगरी काही आणायला वरच्या खोलीत जातो तेव्हा मी खाली ऐकते. ठक, घस. ठक, घस. थांबतो. आणि तो थांबल्यावर एक पाऊल पडतं.

एकच. मागून येणारा माणूस पुढचा थांबल्याचं जरा उशिरा लक्षात येऊन थांबतो, तसं. मी त्याला विचारलं नाही. त्याला ऐकू येत नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. ह्यांना ऐकू येतं. ते पडलं की ह्यांची आरी क्षणभर थांबते.

मी खूप विचार केला. मी शिकलेली फार नाही, पण डॉक्टरबाईंचं बोलणं मला नीट समजलं होतं. गेलं त्यापेक्षा जास्त परत आलं असेल, तर ते जास्तीचं कुठेतरी राहायला हवं. त्याच्यात नको. म्हणून मी ह्यांना म्हटलं, भिंगरीच्या मापाचा एक जोड शिवून द्या. ह्यांनी कारण विचारलं नाही. साधा काळा जोड शिवला, जीव ओतून शिवला. शेवटचा हात मी फिरवला. तो मी वरच्या खोलीत ठेवला, चवडे आरशाकडे करून. आरशावर मी चादर टाकलीय.

रोज संध्याकाळी चवडे आरशाकडे करून येते. रोज सकाळी ते जिन्याकडे झालेले असतात. मी पुन्हा फिरवते. एवढं करायला माझी काही हरकत नाही. त्याचा तळ झिजायला लागला तेव्हा नवा तळही लावला. तिथे राहा, तुला जोड आहे, खोली आहे, असं मी मनातल्या मनात सांगत असते. घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

आज सकाळी तो वर नव्हता.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होता, शेजारी शेजारी, नीट. चवडे भिंगरीच्या खोलीकडे. दार बंद होतं. मी त्या पायरीवर बसले आणि दोन्ही बूट उचलून मांडीवर घेतले. आत हात घातला. ऊन होते.

आतून पलंग करकरला. भिंगरी उठला होता. त्याने जांभई दिली, खोकला, आणि दाराकडे यायला लागला. ठक, घस. ठक, घस. सरळ, भरभक्कम पावलं. दारापाशी येऊन थांबला. कडीला हात घातल्याचं ऐकू आलं.

मी श्वास धरून त्या एका जास्तीच्या पावलाची वाट पाहत राहिले. ते जमिनीवर पडलं नाही.

माझ्या मांडीवरच्या डाव्या बुटाचं कातडं, चवड्यापाशी, तीन बारीक वळ्यांवर, हलकेच वाकलं.